हिरव्या दिव्याची दुरुस्ती

आमच्या देशाने आक्रमणाविरुद्ध मत दिलं आणि साऱ्या जगाने ते फलकावर पाहिलं. आता हे विसरून जा. असं काही घडलेलं नाही.

जे घडलं नाही ते असं. एका मोठ्या देशाने शेजारच्या लहान देशात रणगाडे घातले. न्यूयॉर्कला महासभेची तातडीची बैठक बसली. ठराव साधा होता: हे बेकायदा आहे, सैन्य मागे घ्या. आमच्या बेटाला राजधानीहून आदेश आला, पिवळं बटण दाबा. म्हणजे तटस्थ. तो मोठा देश आमचा चहा घेतो, आणि आमची अलिप्तता त्याच चहावर चालते. सोबत भाषणही आलं होतं: दोन्ही बाजूंनी संयम पाळावा. यातली एक बाजू स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून मार खात होती. तिने आणखी कसला संयम पाळायचा, ते भाषणात नव्हतं.

आमचे राजदूत तिलकसिरी सर, निवृत्तीला टेकलेले. मी इंदिक, त्यांचा तिसरा सचिव. म्हणजे फाईल, छत्री आणि गोळ्या माझ्याकडे. सरांची एक पद्धत होती. आधी आमच्याहून थोरल्या एका अलिप्त देशाचा दिवा बघायचा, मग बटण दाबायचं. आम्ही कुणाच्या मागे जात नाही. फक्त बघून घेतो.

त्या दिवशी थोरल्यांचा दिवा हिरवा लागला, म्हणजे ठरावाच्या बाजूने.

"मल्ली, हिरवा?" सर कुजबुजले. धाकट्या भावासारखा मी त्यांचा मल्ली.

"आदेश पिवळ्याचा आहे, सर."

"अरे, त्यांना काहीतरी नवीन कळलं असणार. आपल्याला कोण सांगतंय!"

सरांनी हिरवं दाबलं आणि चष्मा पुसायला घेतला. तेवढ्यात थोरल्यांना कळलं की आपलं बोट चुकलंय. त्यांनी पिवळं केलं. "सर, पिवळा! पिवळा!" असं मी म्हणेपर्यंत मतदानाचं यंत्र बंद झालं. चष्मा मात्र लख्ख झाला होता.

पुढच्या रांगेतून दारिना धावत आली. ती त्या लहान देशाची प्रतिनिधी. एरवी कँटीनमध्ये माझ्या डब्यातलं खोबऱ्याचं तिखटजाळ सांबोल खाऊन नाक पुसत बसायची. आता तिची आई तळघरात होती. तिने सरांना मिठीच मारली.

"किती दबाव आला असेल तुमच्यावर! तरीसुद्धा तुम्ही..."

"छे छे, त्यात काय," सर म्हणाले.

"आईला आत्ताच सांगितलं. तिने विचारलं, हे बेट कुठे आलं? म्हटलं, लांब आहे, पण आपल्या बाजूला आहे."

ती जागेवर परतली तोच राजधानीहून फोन.

"बटण बिघडलं होतं का?"

"हो साहेब, बिघडलं."

"मग दुरुस्त करा."

दुरुस्तीचा नियम असा की निकाल बदलत नाही. पण मंचाजवळच्या मेजावर जाऊन आमचा हेतू वेगळा होता, असं सांगता येतं. तशी ओळ इतिवृत्तात छापून सगळ्या देशांना जाते.

"तू जा, मल्ली."

"राजदूत तुम्ही आहात, सर."

"माझे गुडघे."

"मघाशी मिठीच्या वेळी टुणकन उठलात."

"म्हणूनच दुखतायत."

वाट दारिनाच्या खुर्चीवरूनच जात होती.

"काय रे हिरो, कुठे?"

"बाथरूमला."

"हे खातखात जा." तिने मधाच्या केकचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. आईच्या हातचा, शेवटच्या पार्सलमधला. हातात धरून हेतू बदलणं बरं दिसेना, म्हणून मी तो तोंडात टाकला.

मेजावरच्या बाईंनी विचारलं, "तुमचा हेतू काय होता?"

"तटश्थ."

"नीट सांगा. कळलं नाही."

"तटस्थ!" मी ओरडलोच. बाईंनी लिहून घेतलं. केक फार चांगला होता.

वळलो तर दारिना फोन माझ्याकडे रोखून उभी. पडद्यावर अंधारात एक म्हातारी हात हलवत होती. मीही हात हलवला. म्हातारीने छातीवर हात ठेवून मान लववली. मीही लववली. दुसरं काय करणार?

जागेवर आलो. सर फलकाकडे बघत होते. म्हणाले, "हिरवा बरा दिसत होता, नाही रे?" मग त्यांनी कागद ओढला आणि आयुष्यात पहिल्यांदाच राजधानीला न विचारता मजकूर सांगितला:

"महोदय, सदर बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत सर्व सदस्य देशांस नेहमीप्रमाणे पाठवावी; केवळ आक्रमणग्रस्त देश वगळावा. तसेच त्या देशाच्या प्रतिनिधींच्या मातोश्रींस दूरध्वनीद्वारे वा अन्य मार्गाने काहीही कळणार नाही, याची महासभेने दक्षता घ्यावी, ही नम्र विनंती."