जहर टाका, तेजाब टाका

मी पंप बोलतोय. फवारणीचा नव्हे, ते माझे चुलतभाऊ बाळापूरच्या बाजारात पैशाला पासरी मिळतात. माझ्या पोटाला आतून टेफ्लॉनचं अस्तर आहे, ते ॲसिडनेही झिजत नाही, आणि माझ्यातून थेंबभरही गळत नाही. याच दोन गुणांनी माझा घात केला.

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये संघपालने मला तीन महिने खपून घडवलं. त्याचे वडील देवमन जन्मभर बाजारात फवारणीचे पंप विकत आले. गिऱ्हाइकाने हात लावायचा अवकाश, की ते सुरू होत, "घेऊन जा, दादा! जहर टाका, तेजाब टाका, याले काई होत नाई!" आमच्या वऱ्हाडात माल असाच विकतात. एकाच कामाची वस्तू इथे कोणी घेत नाही.

मला मागणी आली थेट आफ्रिकेतल्या एका गावातून. तिथल्या पाणीपुरवठ्याचं काम हाना नावाची बाई बघते. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन सोडायला तिला मी हवा होतो. 'पावसाआधी पाठवा, दरवर्षी हगवणीने मुलं दगावतात,' असं तिने कळवलं होतं. शेडमध्ये पेढे वाटले गेले.

पण मला देशाबाहेर जायला सरकारी परवाना लागतो. माझ्यासारखा पंप पाण्याला चालतो, तसाच माणसं मारणारा वायू बनवणाऱ्या कारखान्यातही चालतो. अर्जात प्रश्न होता, वस्तूचा आणखी कोणता उपयोग होऊ शकतो?

"बाबा, आनखी कायले चालते म्हनून विचारून राहिले."

"कायले बी चालते म्हन. जहर टाका, तेजाब टाका. खोटं काहून लिहाचं?"

संघपालनेही अभिमानाने लिहून टाकलं, 'कोणतेही विष चालते.'

झालं! परवाना देणाऱ्या साहेबांची पत्रांमागून पत्रं यायला लागली. कोणतं विष? कोण टाकणार? टाकीचे फोटो पाठवा, हमीपत्र पाठवा. हाना बिचारी सगळं पाठवत राहिली. मला त्या साहेबांचा राग येत नाही. माझ्या पोटातून उद्या काय जाईल, हे मला तरी कुठे ठाऊक असतं? जो नळी जोडेल, त्याचा मी.

परवाना आला तो अर्ज केल्यापासून सातव्या महिन्यात. संघपालने लगेच हानाला फोन लावला.  तिने जे सांगितलं, ते त्याने वडिलांना मराठीत सांगितलं, "पाऊस होऊन गेला, बाबा. अकरा लेकरं गेली. पंप पाठवा म्हन्ते, पुढच्या वर्षी बी पाऊस येईनच."

 देवमनांचं ते 'जहर टाका, तेजाब टाका' मी नंतर कधी ऐकलं नाही. परवा शेडवर आलेल्या एकाने विचारलं, "बुवा, हा पंप कायले चालते?" ते एवढंच म्हणाले, "पान्याले."

आज मी लाकडी खोक्यात आहे. झाकण ठोकण्याआधी देवमन वाकले आणि माझ्यावर हात ठेवून पुटपुटले, "पान्याबिगर काई घेऊ नको, बापा."

मला तोंड आहे, पण त्याने नाही म्हणता येत नाही. नळी जोडणाऱ्यांनो, म्हाताऱ्याचं तेवढं तुम्ही ऐका.