वाळक्या पानातलं घर

डोळे मिटा पाहू क्षणभर. आता असं समजा की तुम्ही खूप लहान झाला आहात, आईच्या अंगठ्याएवढे. तुमच्या अंगावर मऊ नारिंगी केस आहेत. पंख काळे आहेत, पण त्यांच्यातून बोटांच्या नारिंगी रेषा गेल्या आहेत. तुमचं घर म्हणजे केळीचं एक वाळलेलं पान. ते झाडालाच खाली लोंबतं आहे आणि वाळता वाळता त्याची सुरळी झाली आहे. त्या सुरळीत तुम्ही उलटे टांगून झोपला आहात. वारा आला की घर झुलतं. बाहेरून कुणी पाहिलं तर त्याला फक्त वाळका पाला दिसतो.

मिटलेत ना डोळे? आता कलाची गोष्ट ऐका.

कला नऊ वर्षांची होती. चोपड्याहून सातपुड्याकडे जाताना एक गाव लागतं, तिथं तिच्या वडिलांची, अभिमन यांची, केळीची बाग होती. ती वडिलांना नाना म्हणायची आणि नाना तिला लाडानं कलाबाई म्हणायचे, कारण ती घरात सगळ्यांना कामं सांगत फिरायची. ही एकोणीसशे सत्त्याऐंशी सालच्या जानेवारीतली गोष्ट. त्या वर्षी थंडी फार पडली होती. पहाटे पाटाच्या पाण्यात हात घातला तर बोटं बधिर व्हायची.

केळीला थंडी सोसत नाही. झाड निसवलेलं असलं, म्हणजे त्याला घड आलेला असला आणि तेव्हाच कडाका पडला, तर फण्या भरत नाहीत, केळी बारीक आणि काळपट राहतात. आदल्या वर्षी नानांच्या बागेत तसंच झालं होतं. म्हणून त्या भागातले लोक थंडीत पहाटे बागेला धूर करतात. वारा ज्या बाजूनं येतो त्या बांधावर वाळक्या पानांचे ढीग रचायचे, वर थोडं ओलं गवत टाकायचं आणि तांबडं फुटायच्या आधी पेटवायचे. जाळ होऊ द्यायचा नाही, नुसता धूर. तो गोधडीसारखा बागेवर पसरतो आणि झाडांना ऊब राहते.

एवढ्या ढिगांना पाला लागतो पुष्कळ. नाना रोज दुपारनंतर एकेका ओळीतली लोंबती वाळकी पानं कोयत्यानं उतरवायचे आणि कला ती ओढत बांधावर न्यायची. ढीग वाढला की तिला मोठा अभिमान वाटायचा.

त्या दिवशी विहिरीजवळची ओळ चालली होती. ओळीतल्या शेवटच्या झाडाचं एक पान खाली पडलं. कलानं ते उचललं आणि तिला आत काहीतरी नारिंगी दिसलं. आधी तिला फुलपाखरू वाटलं. तिनं हळूच फुंकर मारली. त्या नारिंगी गोळ्याला दोन कान होते. एक इवलंसं तोंड उघडलं, त्यात टाचणीच्या टोकाएवढे दात दिसले आणि पुन्हा मिटलं. आत तसाच आणखी एक गोळा होता, पहिल्याला चिकटून.

नाना पुढच्या ओळीत गेले होते. त्यांना सांगावं की नाही, हे कलाला कळेना. नाना एकदा म्हणाले होते की वाघूळ घरात आलेलं चांगलं नसतं. आणि ही चिमुकली वाघळंच होती, हे तिच्या लक्षात आलं होतं. सांगितलं तर ते झटकून टाकायला लावतील. नाही सांगितलं तर पान ढिगावर जाईल आणि पहाटे पेटेल.

तिनं पाणी प्यायला जाते म्हणून सांगितलं आणि ते पान दोन्ही हातांवर घेऊन बागेजवळच्याच घरी नेलं. गोठ्यात, गव्हाणीच्या वर एक खुंटी होती, तिला ते सुतळीनं टांगलं. (तिनं आतल्या वाघळांना बोट लावलं नाही, हे बरं केलं. तुम्हीही कधी लावू नका. घाबरलेला जीव चावतो, आणि तो त्याचा दोष नसतो.)

तिन्हीसांजेला ती गोठ्याच्या दारात उभी राहिली. पानाच्या सुरळीतून एक वाघूळ निघालं, भिंतीजवळून फडफडत गेलं. मग दुसरं. दोघं अंधारात दिसेनाशी झाली. कला खूश झाली. आता रात्रभर डास आणि चिलटं खातील, पहाटे परत येतील आणि आपल्या गोठ्यात झोपतील. तिनं आईला, यशोदाबाईंना, गोठ्याचं दार उघडंच ठेवायला सांगितलं. आईला वाटलं, पोरगी गाईसाठी म्हणते.

पहाटे कला जागी झाली ती थेट गोठ्यात गेली. पान रिकामं होतं. अजून वेळ आहे, असं म्हणून ती नानांबरोबर बागेत निघाली.

बांधावर हिलाल आबा आधीच येऊन बसले होते. ते शेजारच्या मळ्यातले. सत्तरी उलटली होती तरी धुराच्या वेळी दोन्ही बागांत तेच पुढे असत. वारा कुठून आहे हे पाहायला त्यांनी चिमूटभर माती वर उडवली आणि ढिगाच्या कोणत्या बाजूनं काडी लावायची ते नानांना दाखवलं. पूर्वेला जरा फटफटलं होतं. कला विहिरीकडे सहज वळली आणि थांबली.

ओळीतल्या शेवटच्या झाडाभोवती दोन चिमुकली वाघळं फिरत होती. पान जिथं लोंबत होतं बरोबर त्या जागेपर्यंत यायची, काही सापडलं नाही की वळायची, एक चक्कर मारून पुन्हा तिथंच यायची. शेजारच्या झाडांनाही आता एकही वाळकं पान उरलं नव्हतं. सगळी ओळ नानांनी स्वच्छ केली होती.

कला पळत बांधावर आली. नानांनी काडीपेटी हातात घेतली होती. तिनं सगळं सांगून टाकलं, पान कसं नेलं, कुठं टांगलं, दार कसं उघडं ठेवलं. सांगता सांगता तिला रडू आलं. मी तर त्यांचं घर जपून ठेवलं होतं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

हिलाल आबांनी तिला जवळ घेतलं.

“पोरी, तू पान लई गई,” ते म्हणाले. “त्यासनं घर त्या झाडवर शे.” तिनं नेलं होतं ते नुसतं पान, घर मात्र झाडावरच राहिलं होतं.

कला डोळे पुसून नानांकडे वळली. “नाना, आज धूर नका करू.”

नानांनी घडांकडे पाहिलं. मागच्या वर्षीच्या काळ्या फण्या त्यांना आठवत असणार. मग ते खाली बसले, म्हणजे त्यांचं तोंड कलाच्या तोंडासमोर आलं.

“धूर तर करनाच पडी, कलाबाई. बठ्ठी बाग शे.” त्यांनी सगळ्या बागेवरून नजर फिरवली आणि विहिरीकडे हात केला. “पन वारा तिकडे उशिरा जास. तू पय.”

कला गोठ्यातलं पान आणायला घराकडे पळाली. मागं ढीग पेटल्याचा आवाज आला. जाताना ती वेगानं गेली, पण येताना तिला पळता येईना, कारण पळलं तर सुरळी चुरली असती. वाळकं पान हातात धरून ती झपाझपा चालत राहिली. धूर बांधावरून उतरून पहिल्या ओळींत शिरला होता. नाना विहिरीजवळच्या त्या झाडाखाली उभे होते. त्यांनी तिला खांद्यावर घेतलं. हिलाल आबांनी केळीच्या खोडाचं एक सोपट, म्हणजे वरची जाड साल, सोलून त्याच्या लांब पट्ट्या काढल्या होत्या. त्या दोरीसारख्या मजबूत असतात. एकेक पट्टी ते वर देत गेले आणि कलानं पान होतं तिथंच, तोंड खाली करून बांधलं. पहिली गाठ सुटली. दुसरी बसली.

मग तिघं विहिरीच्या काठाशी जाऊन बसले.

एक वाघूळ आलं, पानाजवळून गेलं, वळलं आणि सुरळीत शिरलं. दुसरं आलं नाही. उजेड वाढत होता आणि धूर पाच ओळींवर येऊन ठेपला होता. कलानं नानांचा अंगठा घट्ट धरला. धुराचा पहिला पातळ पदर झाडाशी पोचला तेव्हा त्यातूनच ते दुसरं आलं, दोनदा चुकलं आणि तिसऱ्यांदा आत गेलं. पान जरासं हललं आणि स्थिर झालं. पुढं धूर आला, पण तिथवर येईतो तो इतका विरळ झाला होता की त्यातून पलीकडचं शेत दिसत होतं.

हिलाल आबा म्हणाले की आपण साठ वर्षं पाला जाळतो आहोत आणि आत कधी पाहिलं नाही.

ही गोष्ट ऐकल्यावर मी या वाघळांविषयी पुस्तकांत शोधलं. आपल्या देशापासून पार पूर्वेकडच्या बेटांपर्यंत ती अशीच वाळक्या पानांत राहतात. आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिण अमेरिकेच्या जंगलात, वेगळी वाघळं कोवळ्या पानाच्या सुरळीत राहतात. ते पान एका दिवसात उलगडतं, म्हणून त्यांना रोज नवं घर शोधावं लागतं. ती पानं तोडण्याआधी त्यांच्या घरांत कुणी डोकावून पाहतं की नाही, मला ठाऊक नाही.

त्या दुपारी नाना कोयता घेऊन पुढची ओळ उतरवायला निघाले. थंडी सरली नव्हती आणि पाला तर लागणारच होता. त्यांनी पहिल्या पानाला हात घातला.

“थांबा,” कला म्हणाली.

ती पानाखाली गेली, मान वर केली आणि एक डोळा मिटून सुरळीच्या आत पाहिलं. पान रिकामं होतं. तिनं नानांना खूण केली आणि ते पान खाली पडायच्या आत ती दुसऱ्या झाडाखाली जाऊन उभी राहिली, मान वर करून.