सहा फेरे कमी भरलेली मोटर

मित्रांनो, मोटर म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर विहीर येते आणि पाइपातून धो धो पडणारे पाणी येते. मीही एक जुनी मोटरच आहे, तीन हॉर्सपॉवरची, हिरव्या रंगाची. पण पहिली चौदा वर्षे मी पाण्याचा एक थेंबसुद्धा ओढला नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे नंतर कोणी हसायला नको.

कारखान्यातून आम्ही बारा बहिणी एकाच ट्रकने चिखलीला आलो. अकरा जणी कोणी बैलगाडीत, कोणी टेम्पोत, तर कोणी जीपच्या टपावर बसून आपापल्या विहिरीवर नांदायला गेल्या. मला मात्र शाळेत घातले. ज्यांना स्वतःचा छोटा धंदा उभा करायचा आहे त्यांना महिनाभर फुकट शिकवायचे, दुपारी जेवू घालायचे आणि शेवटी बँकेकडे त्यांच्या नावाची शिफारस करायची, असे ते प्रशिक्षण केंद्र होते. एका खोलीत शिलाई, दुसरीत मोबाइल दुरुस्ती. शेळीपालनाच्या वर्गात एकही शेळी मी कधी पाहिली नाही, पण मोटर भरण्याच्या वर्गात मी होते.

मोटर जळली की तिच्या पोटातली तांब्याची तार काढून नवी तार बसवतात, त्याला मोटर भरणे म्हणतात. ते शिकवायला वामनराव मास्तर होते. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, अंगाला कायम वार्निशचा वास. त्यांनी पहिल्याच दिवशी माझा पंप सोडवून कपाटाखाली सरकवला.

"हिले पानी नाई ओढायचं," ते पोरांना म्हणाले, "हिच्यावर तुमी शिकायचं."

झाले! तेव्हापासून दर महिन्याला नवी पोरे यायची, छिन्नीने माझ्या पोटातली तार तोडायची, निघालेल्या तारेचे फेरे मोजून वहीत लिहायची आणि तितकेच फेरे नव्या तारेचे भरायची. मग पाच मिनिटे मला रिकामीच फिरवायचे. टाळ्या व्हायच्या, फोटो निघायचा, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा छिन्नी. त्यातल्या कोणी पिंपळगाव राजा या गावी दुकान टाकले, कोणी देऊळगाव राजाला बसस्टँडजवळ पाटी लावली, असे कानावर आले की मला फार बरे वाटायचे. तरी मागच्या विहिरीवरून पाण्याचा आवाज आला की जीव तुटायचा.

आता एक गोष्ट सांगते, जी तेव्हा फक्त मला ठाऊक होती. माझ्या प्रत्येक कॉइलमध्ये, म्हणजे तारेच्या वेटोळ्यात, छत्तीस फेरे हवेत. दुसऱ्या वर्षी एकदा तार कमी पडली. मास्तर म्हणाले, "तीसच फेरे भरा, सरावापुरतं चालते. पुढच्या महिन्यात नीट करू." पुढच्या महिन्यात ते विसरून गेले. नव्या पोरांनी तीस फेरे काढले, तीसच भरले. त्यांच्या पुढच्यांनीही तेच केले. पाच मिनिटांत कोणाला काय कळणार? फेरे कमी असले की मोटर तापते; माझे अंग तापायला लागायचे, तेवढ्यात टाळ्या वाजायच्या.

अशी बारा वर्षे गेली आणि वर्गात महामाया आली.

तिचे गाव चिखलीपासून एसटीने पाऊण तासावर. तिशीची, सडपातळ, जरा हट्टी. ती दारात उभी राहिली तेव्हा आत अकरा पुरुष बसले होते. त्यातला गजेंद्र म्हणाला, "ताई, शिलाईचा वर्ग बाजूले हाय."

"मले म्हाईत हाय," ती म्हणाली आणि सरळ माझ्यासमोरच्या बाकावर येऊन बसली.

तिची मोजायची रीत मला फार आवडली. बाकीचे तोंडाने मोजायचे, मध्येच कोणी गप्पा मारल्या की गडबडायचे. महामायाने घरून मूठभर तुरीचे दाणे आणले होते. दहा फेरे झाले की एक दाणा वाटीत. मग कोणी कितीही बडबड करो! गजेंद्र आधी हसला, चौथ्या दिवशी तिच्याकडून पाच दाणे मागून घेऊन गेला.

माझ्यात तार भरताना मात्र तिचा हात थबकला. "मास्तर, इथं खाचीत जागा उरून राह्यली."

"जेवढे फेरे काढले तेवढे भर, ताई," मास्तर दुसऱ्या बाकावरून म्हणाले, "बांबूची पट्टी जाड बसव, म्हंजे हालनार नाई." तिने ऐकले, पण दोनदा मागे वळून माझ्याकडे पाहिले. मला बोलता आले असते, तर मी तेव्हाच ओरडले असते.

महिना संपत आला तेव्हा बँकेचे चंद्रशेखर साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण महामायाचा अर्ज पाहून त्यांनी पेन खाली ठेवले. "ताई, शिलाई मशीनसाठी अर्ज करा, आठ दिवसांत कर्ज मंजूर करतो. बाईमाणसाकडे मोटर भरायला टाकणार कोण?"

"सायब, आमच्या गावात शिलाईवाल्या सात हायेत. मोटर भरनारा एक बी नाई," महामाया म्हणाली. "मोटर जळली का चिखलीले आना लागते, चार-चार रोज नंबर लागत नाई. तवरिक हरभरा सुकून जाते."

साहेबांनी विचार केला. म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही भरलेली मोटर तासभर पाणी ओढताना मला दाखवा. मग मी सही करतो."

मित्रांनो, तिचे सगळे त्या एका तासावर टांगलेले होते. कर्ज मिळाले तर दुकान, नाही तर पुन्हा दुसऱ्याच्या शेतात सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापणीला, जायचे. आणि माझेही स्वप्न त्यातच होते. कपाटाखालून माझा पंप काढला, कोळ्याची जाळी झटकली, मला केंद्रामागच्या विहिरीवर नेऊन बसवले. महामायाने बटण दाबले.

पाणी आले! गार, जड, उसळते पाणी. माझ्या बहिणी रोज हे सुख भोगत होत्या आणि मी चौदा वर्षे टाळ्यांवर दिवस काढले होते. मला तर नाचावेसे वाटत होते.

महामाया मात्र पाण्याकडे पाहत नव्हती. आजारी लेकराचे अंग पाहावे तसा तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. दहा मिनिटांनी पुन्हा ठेवला. वीस मिनिटे झाली, तिने हात लावला आणि लगेच मागे घेतला. पुढच्या क्षणी तिने बटण बंद केले.

मला तिचा इतका राग आला म्हणून सांगू! गजेंद्र कळवळून म्हणाला, "काऊन बंद केली, ताई? चाळीस मिनिटं तं राह्यले होते!"

"ताई, तास झाला नाही," साहेब म्हणाले.

"नाई झाला, सायब. हिचं अंग लई तापलं. अजून चालवली तं जळन." तिचे डोळे भरून आले होते, पण बोलणे थांबले नाही. "तुमच्या तासासाठी मी हिले जाळत नाई. उद्या कोनाची बी मोटर माह्याकडं आली, तरी मी असंच करीन." मग ती मास्तरांकडे वळली. "मास्तर, मी तुमाले म्हनलं होतं, खाचीत जागा उरते."

वामनरावांनी चष्मा काढला. ते विहिरीच्या काठावर खालीच बसले. "चूक पोरीची नाई, सायब. माही हाय. हिचे फेरे छत्तीस होते. तार कमी पडली म्हनून मीच तीस भरा म्हनलं होतं. बारा वर्सं झाले. मी पार भुलून गेलो." सगळ्या शिष्यांसमोर म्हाताऱ्या माणसाने हे सांगितले. माझा राग तिथेच विरघळला.

साहेबांनी फाइल मिटली. "सोमवारी अकरा वाजता मी परत येतो," एवढेच बोलून ते गेले.

शनिवार-रविवार केंद्राला सुट्टी होती. मास्तरांनी कुलूप उघडून दिले आणि स्वतः महामायाला तार पुरवायला बसले. वाटीत तुरीचे दाणे पडत राहिले. या वेळी खाची अशा गच्च भरल्या की बांबूची पट्टी तासून पातळ करावी लागली. पोट भरणे म्हणजे काय, ते मला बारा वर्षांनी कळले.

सोमवारी मी तासभर पाणी ओढले. तास झाल्यावरही कोणाला मला बंद करायचे सुचले नाही. चंद्रशेखर साहेब उठले, त्यांनी आधी माझ्या पाठीवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला आणि मग सही केली.

पुढे केंद्राला नवी मोटर आली आणि मी भंगारात निघाले. मला न्यायला भंगारवाला येईल असे वाटले होते, आली महामाया. तिच्या गावी एसटी थांब्याजवळ टिनाचे दुकान तयार होते. तिची सासू सिंधूताई रोज सकाळी दुकान झाडायची आणि दिवसभर रस्त्याकडे बघत बसायची. पंधरा दिवस कोणी फिरकले नाही. मग एके दिवशी गुलाबराव जळकी मोटर घेऊन आले. चिखलीच्या दुकानात रांग होती म्हणूनच आले, हे त्यांच्या तोंडावर दिसत होते.

"पन ताई, दोन रोज पानी नाई भेटलं तं माहा कांदा जाते," ते कुरकुरले.

महामायाने माझ्याकडे बोट दाखवले. "तुमची भरून होईपर्यंत ही घेऊन जा. फकस्त हिच्या पाठीवर हात ठेवून पाहात जा."

तेव्हापासून हेच माझे काम झाले. कोणाचीही मोटर जळली की ती दुकानात आणि मी त्याच्या विहिरीवर. माझ्या अकरा बहिणी एकेका विहिरीवर नांदल्या, मी या गावच्या जवळजवळ सगळ्या विहिरींचे पाणी चाखले आहे. माझ्या अंगावर महामायाने पांढऱ्या रंगाने मोठे ३६ लिहून ठेवले आहे. दर गुरुवारी ती केंद्रात शिकवायला जाते, तेव्हा मास्तर मागच्या बाकावर बसून ऐकतात.

मित्रांनो, तुमच्या मळ्यात मोटर असेल तर सुरू केल्यावर तिच्या पाठीवर एकदा हात ठेवत जा. आणि कधी शिकताना, शिकवताना कोणी हळूच म्हणाले, "इथे जागा उरते," तर हातातले काम थांबवून बघा. बारा वर्षे माझ्या पोटातली ती जागा कोणीच पाहिली नव्हती.