सुकली की चालायची

मी बंदूक बोलतेय. दचकू नका, रिकामी आहे. वेन्डलच्या घरी कोटांच्या खुंट्यांखाली उभी असते. खालचा दस्ता मागे ओढून पुढे ढकलला की नवं काडतूस वर येतं, त्या जातीची मी. वय साठीच्या पुढचं.

अमेरिकेत, डकोटातल्या टॉर्वल्ड नावाच्या शेतकऱ्यानं मला नवी कोरी घेतली. दलदलीतल्या रानबदकांवर खूप वर्षं चालवली. मरताना मुलांना म्हणाला, "दोघांत मिळून एक आहे. भांडू नका." थोरला ऑर्लिन, धाकटा वेन्डल. त्यांनी वाटणीही शहाण्यासारखी केली. माझी साफसफाई ऑर्लिनकडे, नेम वेन्डलकडे.

बदकांच्या शिकारीला कायदा आहे, बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत. म्हणून माझ्या काडतुसांच्या नळीत, स्प्रिंगच्या आत, जागा अडवायला एक लाकडी दांडी असते. टॉर्वल्डनं ती जवसाचं तेल पाजून केली होती. बाप गेल्यावर एका वर्षी, शिकारीचा मोसम उघडायच्या आदल्या दिवशी ऑर्लिननं मला जेवणाच्या टेबलावर खोललं, आणि दांडी घरंगळून कुठे गेली कोण जाणे. त्यानं ओणवं होऊन शोधली. मिळाली नाही. मग सफरचंदाच्या खोक्याची पट्टी तासून दुसरी केली, बसवली. तेल पाजायला वेळ नव्हता. कुणाला बोललाही नाही. एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं?

दुसऱ्या दिवशी भुरभुर पाऊस. दलदलीतून चालताना वेन्डलचा पाय रुतला आणि मी पाण्यात बुडाले. आडोशाला ऑर्लिन आणि गावातले पाच जण बसले होते. बदकं आली. पहिला बार झाला. वेन्डलनं दस्ता मागे ओढला. पार मागे ओढला, मी सांगते ना. पण काडतूस आलंच नाही. आतली दांडी फुगली होती, तिनं स्प्रिंग आवळून धरली होती. बदकं डोक्यावरून निघून गेली.

ऑर्लिन ओरडला, "अरे, अर्धाच ओढतोस! बापाची बंदूक आहे, गाईचं आचळ नाही!"

पाचही जण पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी गावच्या कॅफेत वेन्डल शिरला, तर कुणीतरी हाक दिली, "आला बघा अर्ध्या! कॉफीही अर्धाच कप द्या रे त्याला."

नाव चिकटलं ते चिकटलंच.

"मी पूर्ण ओढला होता, ऑर्लिन," वेन्डल घरी येऊन म्हणाला.

"मग आता कशी चालते?" ऑर्लिननं दस्ता खटाखट ओढून दाखवला. मी चुलीजवळ सुकले होते. काडतुसं एकामागून एक सुरळीत बाहेर आली. तेव्हा मी अडायला हवं होतं. नेमकी तेव्हाच चालले.

वेन्डल पुन्हा कधी दलदलीवर आला नाही. कॅफेत जाणंही त्यानं सोडलं. नाताळात दोघं भेटत, पावसापाण्याचं बोलत. मी एकतीस वर्षं ऑर्लिनच्या कपाटात.

गेल्या मोसमात ऑर्लिनची नवी बंदूक दुरुस्तीला गेली, म्हणून त्यानं मला काढलं. पावसात नेलं. पहिला बार झाला आणि मी अडले. त्यानं दस्ता पुन्हा ओढला, कचकन, पार शेवटपर्यंत. काही नाही. तो पाण्यातून तसाच माघारी फिरला.

घरी त्यानं मला खोललं. म्हातारी बोटं, चष्मा नाकावर. काडतूस उचलणारी पट्टी पुसली, स्प्रिंग नवी घातली. जोडताना बारीक खिटी दोनदा जमिनीवर पडली. तीनदा खोललं, तीनदा जोडलं. टेबलावर मी अगदी चोख चालत होते.

त्याची बायको आर्डिस बटाटे सोलत होती. "भिजल्यावरच अडते ना? मग भिजवून बघ की. माझा लाकडी चमचा पाण्यात राहिला की फुगतो. ते आतलं लाकूड कसलं आहे?"

ऑर्लिननं दांडी पाण्याच्या बरणीत बुडवून ठेवली. जेवण झाल्यावर काढून स्प्रिंगमध्ये घालायला गेला. जाईना.

"आर्डिस," तो म्हणाला, "ही मी केली होती."

"मग मला काय सांगतोस? गाडीची किल्ली तिथे आहे."

वेन्डलनं दारातच ऐकून घेतलं. दांडी बोटांत फिरवून पाहिली.

"सफरचंदाचं खोकं?"

"हो. तू पूर्ण ओढला होतास. मी कॅफेत सगळ्यांसमोर सांगतो."

"कुणाला सांगशील? हसणारे पाचही चर्चमागे पुरलेत. आता जे हाक मारतात त्यांना नाव माहीत आहे, ते का पडलं हे माहीत नाही."

"पुढच्या मोसमाला चल माझ्याबरोबर."

"माझा खांदा वर जात नाही रे आता." वेन्डल बाजूला सरला. "आत ये. थंडी आहे."

ऑर्लिननं मला वेन्डलकडे आणून ठेवलं, तेव्हापासून मी इथंच. आत ऑर्लिननं केलेली, तेल पाजलेली नवी दांडी आहे, कितीही भिजवा, अडत नाही. पण भिजवणार कोण?

तुमच्या घरात माझ्यासारखं काही अडलं, तर माणसाला बोल लावण्याआधी आम्हाला खोला. आम्ही पुन्हा जोडले जातो, एका दुपारचं काम. ऑर्लिन आता दर रविवारी येतो. दोघं बोलतात, मधेच गप्प होतात. ते गप्प होणं कुठून खोलायचं, हे त्याला अजून सापडलेलं नाही.