एकतिसाचे चौदा

एमोसीनं फोनवर टोमणा मारला नाही, तेव्हाच काहीतरी बिघडलंय हे उनाइसीला कळलं.

तो तिचा मामेभाऊ, कंदावू बेटावर तिच्या आजोळी राहणारा. मामे-आते भावंडांनी एकमेकांची टर उडवायची, ही तिकडची रीत. "कोण, डॉक्टरीणबाई का? पाण्यात हात घातलात की अजून कागदावरच पोहताय?" असं म्हटल्याशिवाय तो कधी बोलायला सुरुवातच करत नसे. आज तो नुसता म्हणाला, "उनाइसी, पिल्लं मेली."

"किती?"

"किती काय विचारतेस? सगळी. परवा बघतो तर वेडीवाकडी. काही फुगलेली, काही अर्धवट. आज टाकीच्या तळाशी नुसता राडा आहे."

ती प्रयोगशाळेत उभी होती. मागे पंप घुरघुरत होता. तिनं दुसरा कान बोटानं बंद केला.

दाइरो, म्हणजे वाळूत राहणारी समुद्रकाकडी, एक मऊ अंगाचा प्राणी, मामाच्या गावच्या किनाऱ्यालगत जवळजवळ नाहीशी झाली होती. व्यापाऱ्यांनी मागितली तितकी गावानं विकली होती, आणि मग विकायला काही उरलं नव्हतं. आता टाकीत पिल्लं वाढवून ती पुन्हा समुद्रात सोडायची, असं गावानं ठरवलं. मासेमारी बंद ठेवलेल्या पट्ट्यातून शेवटची धडधाकट जनावरं निवडून आणली होती.

"पाणी गाळून घेतलं होतं?"

"घेतलं."

"मग? पुढं काय केलंत, एकेक सांग."

"तू लिहिलंस तेच. टाकी रिकामी करून त्यांना कोरडं ठेवलं, मग चार अंश जास्त गरम पाणी. नरांनी आधी बीज सोडलं, मग माद्यांनी अंडी. पाणी दुधासारखं झालं. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या."

दुधासारखं. उनाइसीनं डोळे मिटले.

"नर बाहेर कधी काढलेत?"

"कुठून बाहेर?"

"टाकीतून रे! आणि अंडी चाळणीवर धुतली का?"

पलीकडे पानांचा आवाज आला. तिच्या शोधनिबंधाची पानं त्यानं प्लॅस्टिकमध्ये घालून टाकीशेजारी टांगली होती, हे तिला माहीत होतं. निबंध छापून आला तेव्हा तिनंच ती पाठवली होती. वर लिहिलं होतं, 'यात सगळं आहे.'

"असं काही इथं नाहीये," एमोसी म्हणाला. "दोनदा वाचलं."

तिला वाचायची गरज नव्हती. वाक्य कुठं असायला हवं होतं, ते तिला आठवत होतं आणि ते आपण कधी काढलं, हेही.

निबंध पहिल्यांदा पाठवला तेव्हा नियतकालिकाच्या सॉफ्टवेअरनं त्यात आधी छापलेल्या लेखनाशी एकतीस टक्के साम्य दाखवलं होतं. मर्यादा पंधराची. संपादक डॉ. शालेंद्र मुदलियार तसा भला माणूस, पण मागच्या वर्षी एका लेखकानं अख्खं प्रकरण दुसऱ्याच्या प्रबंधातून उचललं, त्यावरून त्यांची बरीच नाचक्की झाली होती. तेव्हापासून पंधरा म्हणजे पंधरा.

"पण डॉक्टर, हे सगळं कार्यपद्धतीच्या भागात आहे," ती त्यांना म्हणाली होती. "दाइरोला अंडी घालायला लावायची रीत एकच आहे. सगळे ती एकाच शब्दांत लिहितात."

"मग तू वेगळ्या शब्दांत लिही. तुला कोण चोर म्हणतंय? पण अपवाद केला की उद्या प्रत्येकाला अपवाद हवा."

ती कामाला लागली. वाक्यं उलटी केली, लांबवली, तोडली. आकडा बाविसावर आला, मग सतरावर. एक वाक्य मात्र पडद्यावर लालच राही: काही नरांनी बीज सोडल्यावर सर्व नर टाकीतून काढावेत आणि अंडी चाळणीवर धुऊन जादा बीज काढून टाकावं. जादा बीज राहिलं तर एका अंड्यात अनेक शिरतात आणि पिल्लू विद्रूप होतं. शब्द बदलले की ते वाक्य तरी चुकायचं, नाहीतर लाल तरी व्हायचं. शेवटी तिनं ते काढूनच टाकलं. हे काय, सगळ्यांनाच माहीत असतं. आकडा चौदावर आला. मुदलियारांनी उत्तर धाडलं: शाब्बास.

नोकरीत कायम व्हायला तिला एक छापील निबंध हवा होता. तो झाला. त्याचा निर्णय घेणाऱ्या समितीची बैठक आता पंधरवड्यावर आली होती.

शनिवारी तिनं बाजारातून यांगोनाच्या, म्हणजे मानाचं पेय करतात त्या झाडाच्या, मुळांची जुडी घेतली आणि कंदावूची बोट पकडली. आईला फोनवर एवढंच म्हणाली, "आजोळी चाललेय. माफी मागायला."

मामाच्या घरात चटईवर माणसं बसली होती. मामा मधोमध, त्याला ती मोमो म्हणे. तिनं जुडी पुढं ठेवली, मान खाली घातली आणि जे झालं ते सांगितलं. टक्के, मर्यादा, लाल वाक्य. सांगताना तिचं तिलाच ते पोरकट वाटत होतं. मागच्या रांगेतली एक बाई हलक्या आवाजात शेजारणीला म्हणाली, "म्हणजे खरं लिहिलेलं होतं, ते खोडलं?" शेजारीण म्हणाली, "गप."

मोमोनं जुडीला हात लावला. म्हणजे माफी स्वीकारली.

"झालं," तो म्हणाला. "तू आमच्या लेकीची लेक. इथलं हवं ते उचलून न्यायचा तुला हक्क आहे. एका टाकीची पिल्लं नेलीस असं समजू. आता हा विषय या घरात किंवा बाहेर कुणी काढायचा नाही."

रीतीप्रमाणे टाळ्या वाजल्या, मुळं कुटली गेली, वाडगा फिरला. उनाइसीला वाटलं होतं, ओझं उतरेल. वाडगा रिकामा करून परत दिला तरी ते उतरलं नव्हतं.

बाहेर टाकीशी एमोसी वाट पाहत होता. "चला, माफी झाली, आता टर उडवायला हरकत नाही. डॉक्टरीणबाई, तुमचा निबंध मी आमच्या वहिनीला देतो. पिल्लं मारून झाली, आता त्यानं कोंबड्या मरतात का बघू दे."

"मार अजून टोमणे."

"मारतो ना. दोन दिवस तोंड दाबून बसलो होतो, आजारी पडलो असतो." मग त्याचा आवाज उतरला. "एक सांगायचंय. परदेशातल्या तारावा बेटाचा एक पोरगा आमच्याबरोबर प्रशिक्षण शिबिराला होता, तिओटी नावाचा. त्यानं ही पानं मागितली, मी फोटो काढून पाठवले. त्यांच्या टाकीत या अमावास्येला अंडी घालून घ्यायचीयेत."

"मग त्याला कळव!"

"कळवलं. तो म्हणतो, तिथला साहेब ऐकत नाही. साहेब म्हणतो, छापलंय ते खरं धरायचं की कंदावूचा कुठला एमोसी म्हणतो ते?"

तिनं तिथूनच तारावाला लिहिलं, स्वतःच्या नावानं. उत्तर परतीच्या बोटीवर मिळालं. नम्र होतं. लेखिकेचं म्हणणं बदललं असेल तर नियतकालिकानं तशी दुरुस्ती छापावी, आम्ही लगेच तिचं पालन करू. निबंध आणखी कुणी कुणी उतरवून घेतलाय, हे तिनं नियतकालिकाच्या पानावर पाहिलं: होनियारा, नुकुआलोफा, पोर्ट व्हिला. माणसांची नावं नव्हती, नुसती आसपासच्या बेटांवरची गावं होती. ती कठड्याला धरून उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. शेजारच्या म्हातारीला वाटलं, बोट लागतेय. तिनं लिंबू पुढं केलं.

सोमवारी विभागप्रमुख मकेरेता यांनी ऐकून घेतलं. त्या गडगडाटी हसणाऱ्या बाई; त्या दिवशी हसल्या नाहीत.

"दुरुस्ती कर. जरूर कर. पण बैठकीनंतर."

"अमावास्या बैठकीच्या दिवशीच आहे, मॅडम."

"अगं, समितीत दोघे परदेशातले आहेत. त्यांना दाइरो म्हणजे काय हे कळणार नाही, दुरुस्ती म्हणजे काय ते मात्र लगेच कळेल. एकच निबंध, आणि त्यालाही ठिगळ? मी किती भांडू?"

"आणि थांबले तर?"

"तर आणखी एक टाकी मरेल." मकेरेतांनी पेला बाजूला सारला. "कदाचित. तुझी नोकरी मात्र कदाचित नाही, नक्की जाईल. मी आकडेमोड सांगतेय, उपदेश नाही करत."

उनाइसी दारापर्यंत गेली, परत आली आणि पुन्हा निघाली. जिना उतरताना ती दुरुस्तीचा मजकूर मनात जुळवत होती. तो तीन ओळींच्या वर जात नव्हता.

मुदलियार टेबलावर रोटीची सुरळी सोडून बसले होते. तिनं कागद पुढं केला.

"एवढंच ना? गाळलेली एक पायरी. आजच चढवू." बोटं पुसून त्यांनी मजकूर संगणकात टाकला. थोड्या वेळानं त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"काय झालं?"

"ब्याण्णव टक्के."

"काय?"

"साम्य. तुझ्या दुरुस्तीत आहे काय दुसरं? तेच एक वाक्य. पंधराच्या वर असलं तर यंत्रणा पुढंच सरकू देत नाही." ते ओशाळून हसले. "जरा वेगळ्या शब्दांत लिहितेस का?"

उनाइसीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग दोघांनाही एकदम हसू फुटलं. तिचं आधी थांबलं.

"डॉक्टर, वेगळ्या शब्दांत लिहायला गेले म्हणून तर हे झालं."

"ठाऊक आहे गं. पण ही यंत्रणा मी बनवली नाही."

"पंधराचा आकडा तुमचा होता."

मुदलियारांनी रोटी कागदात पुन्हा गुंडाळली.

"अवतरणात घाला," ती म्हणाली. "अवतरणातलं ते मोजत नाही ना? माझ्याकडे जुनी प्रशिक्षण-पुस्तिका आहे, त्यात हे वाक्य शब्दशः आहे. त्याहून जुनं मला सापडलं नाही. तिचं नाव द्यायचं."

"कार्यपद्धतीत कुणी अवतरण देत नाही."

"देऊ या."

त्यांनी करून पाहिलं. यंत्रणा निमूट पुढं सरकली. मग तिनं खाली आणखी एक ओळ घातली आणि त्यांनी ती मोठ्यानं वाचली: "'साम्याचा आकडा मर्यादेखाली आणण्यासाठी लेखिकेनं ही पायरी काढून टाकली होती.' ही ओळ कशाला? 'अनवधानानं राहून गेली' म्हण. सगळे तसंच म्हणतात."

"अनवधान नव्हतं. मी चांगले चार दिवस त्या वाक्याशी झटत होते."

"हे छापलं तर तू लबाड ठरशील आणि मी गाढव."

"पण 'राहून गेली' म्हटलं तर पुढचा कुणी दुसरं वाक्य काढेल. तुमचे पंधरा गाठायला."

"तुझी बैठक कधी आहे?"

तिनं सांगितलं.

"आणि तरीही आज?"

"आज. नाहीतर मी घरी जाऊन विचार बदलेन. म्हणून इथंच बसलेय."

मुदलियार उठले, खिडकीशी गेले. खाली मैदानावर पोरं रग्बी खेळत होती. त्यांचा आरडाओरडा वर येत होता. परत येऊन त्यांनी तिच्या ओळीपुढं स्वतःची एक ओळ टाइप केली: ही मर्यादा कार्यपद्धतीच्या भागाला सरसकट लावणं ही संपादकाची चूक होती. मग बटण दाबलं, तिच्याकडे न बघता.

"गाढवानं निदान सही तरी करावी," ते म्हणाले. "जा आता. माझी रोटी गार झाली."

बैठक झाली. मकेरेता भांडल्या, हे उनाइसीला बंद दारातूनही कळलं. पत्र दुसऱ्या दिवशी आलं: कायम करता येत नाही, परिवीक्षा आणखी एक वर्ष, त्या मुदतीत एक नवा, निर्दोष निबंध. नोकरी गेली नव्हती. राहिली होती असंही म्हणवत नव्हतं. तिनं पत्र दोनदा वाचलं आणि पंप तपासायला गेली, मग आणखी एकदा तपासायला.

ती टाकीपाशी असताना तारावाहून तिओटीचा संदेश आला. साहेबांनी दुरुस्ती वाचून दाखवली. काल नर काढले, अंडी धुतली. आज पिल्लं पोहताहेत, अजून सरळ दिसताहेत. एक शंका आहे, छापलेल्यात नाही: काढलेले नर ठेवायचे कुठे? आमच्याकडे दुसरी टाकी नाही, रात्रभर बादलीत ठेवलेत आणि साहेब घाबरलेत.

उनाइसीनं ओले हात पुसले. 'बादली चालेल,' तिनं लिहिलं. 'पाणी बदलत राहा, झाकून ठेवा आणि त्यांना पकडून आणलं तिथंच नेऊन सोडा. उद्या पिल्लं कशी आहेत ते कळव. परवाही कळव.'