अंथुर्ण्याच्या वळणावरचे सोपानतात्या

मी एक जुना शर्यतीचा गेम आहे, मित्रांनो. संगणकावर गाडी पळवायचा. मला बनवणाऱ्या कंपनीनं मला कधीच वाऱ्यावर सोडलं. माझ्यामागून आलेले देखणे गेम दोन-दोन वर्षांत मातीला मिळाले, मी मात्र अजून ठणठणीत आहे. का? तर मला कुलूप नाही! माझ्या फाइली उघड्या आहेत. कुणीही यावं, नवी गाडी घालावी, आपल्या गावचा रस्ता घालावा, दुसऱ्यानं तो घेऊन हवा तसा बदलावा. याला मॉड म्हणतात. हजारो हौशी माणसं पंधरा वर्षं मला फुकट सजवत आली. फार मिरवलो हो मी!

बारामतीच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या अनितानं माझ्यात बारामती–इंदापूर रस्ता बांधला. दोन वर्षं खपली बिचारी. स्कूटीवर हिंडून तिनं एकेक गतिरोधक मोजला. अंथुर्ण्याच्या वळणावर तिनं आपल्या वडिलांना उभं केलं, सोपानतात्यांना. ते तिथं पेरू विकायचे. आदल्याच वर्षी हृदयविकारानं गेले. गाडी थांबली की पेरू कापून, मीठ लावून फोड पुढं करायची, ही त्यांची रीत. अनितानं तीही घातली. मोबाइलमध्ये राहिलेला त्यांचा आवाजसुद्धा घातला, “आधी चाखा, मग बोला!” कॉलेज सुटलं की ती रोज त्या वळणावर गाडी थांबवायची आणि ऐकत बसायची.

मग तिनं तो रस्ता सगळ्यांना वाटला. निमगाव केतकीच्या अविराजनंही तो घेतला. बारामतीला शिकायला जाता-येता यानं तात्यांचे पेरू फुकट खाल्लेले. त्यानं फाइल उघडली आणि तात्यांना गाडीपुढं पळायला लावलं. उडवले की शंभर गुण. पेरू रस्ताभर सांडतात, आणि मग तोच आवाज येतो, “आधी चाखा, मग बोला!”

लोक पोट धरून हसले. माझं नाव पुन्हा गाजलं.

अनितानं माझ्यासमोर बसूनच त्याला फोन लावला.

“अवी, तात्या हायत रे ते. ओळखलं न्हाईस?”

“ओळखलं की! म्हनून तर केलं, ताई. आपल्या अंथुर्ण्याचा म्हातारा जगभर फेमस झाला. रडताय काय तुमी?”

“काढून टाक. पाया पडते तुझ्या.”

“मी काढून काय हुतंय? हजारो लोकांनी घेतलाय. आन् फाइल तुमीच दिली न्हवं सगळ्यांना?”

तिनं फोन ठेवला. आपल्या संगणकावरून तिनं आधी रस्ता पुसला, मग मलाही. पण बाकीच्यांच्या संगणकांवर मी आहेच की.

मित्रांनो, कुणी विश्वासानं दार उघडं ठेवलं, तर आत जपून पाऊल टाका. पण मी कोण सांगणारा? फाइलीत लिहिलंय तेवढं करायचं, एवढंच मला येतं. शर्यत संपली की मी तात्यांना उठवतो, पेरू टोपलीत भरतो आणि पुढच्या गाडीसाठी त्यांना पुन्हा वळणावर उभं करतो.