चार पावलांची पट्टी

गोष्ट नसलेली वस्तू खामपेंग घरात शिरू द्यायची नाही. सहा वर्षांत तीनच वस्तूंना जागा मिळाली होती: खिडकीवर आईच्या मागाची फणी, जिन्यापाशी सासऱ्यांच्या म्हशीची लाकडी घंटा, फळीवर कारखान्यात तिच्या हातून फुटलेला पहिला वाडगा. त्यामुळे झोपायच्या खोलीच्या दाराच्या वर लावायला इनसोमने सागाची कोरीव पट्टी आणली, तेव्हा तिने नवऱ्याला आधी विचारलं,

"कुणाची?"

"आपलीच. माझ्या मामांनी कोरली."

"तीन महिने दर रविवारी मामांकडे जायचास, ते यासाठी?"

"मग काय त्यांच्या कोंबड्या राखायला?" तो हसला, पण नजर चुकवून.

अशी पट्टी घरधन्याच्या पावलाने मोजतात. चार पावलं लांब. आतल्या बिछान्याची राखण तीच करते. खामपेंग लांपांगच्या चिनीमातीच्या कारखान्यात दिवसभर वाडग्यांची तोंडं मोजायची. टेप कायम खिशात. इनसोमचं पाऊल सव्वीस सेंटिमीटर, म्हणजे पट्टी एकशे चार हवी. भरली अठ्ठ्याण्णव.

म्हणजे पाऊल साडेचोवीसचं. तिचं स्वतःचं साडेबावीस.

"माप कुणाचं घेतलंस?"

"लावू दे आधी, मग सांगतो."

"दुसरीच्या पावलाखाली मी झोपायची नाही," म्हणत तिने पट्टी भिंतीकडे तोंड करून उभी केली.

मग तिला बायांचे चेहरे दिसेनात, पायच दिसू लागले. जावेचे फताडे, शेजारणीचे चिमुकले. बुद्धदिनाला देवळाच्या पायरीशी चपलांची रांग लागली होती. तिने टेप काढला. तेवीस. सव्वीस. साडेतेवीस. आणि एक बरोबर साडेचोवीस.

निळा पट्टा, अंगठ्यापाशी चिखलाचा डाग... चप्पल तिचीच होती. तीन महिन्यांपूर्वी जुन्या जोडातली एक कुत्र्याने पळवली, असं इनसोम म्हणाला होता, म्हणून तिने तसाच नवा जोड घेतला होता.

ती तडक घरी आली.

"कुत्र्याचं नाव काय रे?"

इनसोमने कान खाजवला. "मामा म्हणाले, पावलाचं माप आण. तू झोपल्यावर घ्यायला गेलो, तर लाथ घातलीस. मग चप्पलच नेली."

"घरधन्याचं माप घेतात, मूर्खा."

"जमीन तुझ्या आईची. मी आलोय राहायला. धनी कोण मग?"

तिने पट्टी पुन्हा मोजली. मग म्हणाली, "चप्पल पावलापेक्षा दोन सेंटिमीटर लांब असते. चार वेळा मोजलीस. आठ जास्त."

"कापू?"

"घाव घातला तर तिच्यातली राखण जाते, ठाऊक नाही? राहू दे तशीच. आणि ती चप्पल कुठाय?"

"मामांकडे."

"घेऊन ये. जिन्याखाली खिळ्याला टांगू."

चप्पल आली, तिच्या तळाला भुसा चिकटलेला होता. खामपेंगने ती मोजली. साडेचोवीस भरली, तेव्हा कुठे तिने पट्टीचे खिळे इनसोमच्या हातात दिले.